कलम नंतर लावा, आधी घडलं ते लिहा: पोलीस प्रशिक्षणार्थींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत सध्या शिकत असलेले सर्व प्रशिक्षणार्थी

विषय: वाहनांसंबंधीच्या गुन्ह्यांच्या व्याख्या

नमस्कार.

मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, कधी मूळ फिर्यादीच्या बाजूने. वाहनाच्या गुन्ह्याची पहिली खबर, म्हणजे एफआयआर, हातात आली की ती उघडण्याआधीच तिच्यातलं मधलं वाक्य मला पाठ असतं. गाडी गेली असेल तर, "कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीवाचून मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेली." अपघात असेल तर, "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून." या वाक्यांत चूक काहीच नाही. व्याख्येत जे घटक लागतात त्यांचेच हे शब्द आहेत. पण त्यांतून घटना कळत नाही. बचावाचा वकील म्हणून अशी खबर पाहिली की मला हायसं वाटतं, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

तुम्ही सध्या कलमांचे आकडे पाठ करत असाल. ते करावंच लागतं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि जुन्या भारतीय दंड संहितेतल्या चोरीच्या 379 चं 303(2), बेदरकार वाहन चालवण्याच्या 279 चं 281, हयगयीने मृत्यूच्या 304-अ चं 106 झालं. ठाण्यातले जुने हवालदार अजून काही वर्षं "तीनशे एकोणऐंशी" असंच म्हणतील. त्यांना हसू नका, कारण त्या तारखेआधीच्या घटनांना जुनी दंड संहिताच लागते आणि ते खटले अजून चालू आहेत. माझं म्हणणं आकड्यांबद्दल नाही. आकडा लावण्यासाठी कोणती गोष्ट घडलेली असावी लागते, ती विचारायला आणि लिहायला शिका, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात चोरीपासून. व्याख्या सोपी वाटते: जंगम वस्तू, दुसऱ्याच्या कब्जातली, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक इराद्याने, हलवलेली. यातला "कब्जा" हा शब्द सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. व्याख्येत मालकी म्हटलेलं नाही. म्हणून माणूस स्वतःच्या गाडीचाही चोर ठरू शकतो. दुरुस्तीला दिलेली मोटारसायकल गॅरेजवाल्याने बिल मिळेपर्यंत कायदेशीरपणे अडवून ठेवली आणि मालकाने बिल बुडवण्यासाठी ती रात्री गुपचूप काढून नेली, तर ती चोरी आहे. कलमाखालच्या उदाहरणांत नेमका असाच प्रसंग घड्याळाच्या बाबतीत दिलेला आहे. ती उदाहरणं वाचा. पाठांतराच्या घाईत सगळे ती ओलांडून जातात, आणि माझ्या मते अख्ख्या कलमात वाचण्यासारखं तेच आहे.

कब्जाचा प्रश्न रोज येतो. पगारी ड्रायव्हर मालकाची गाडी घेऊन पसार झाला, तर कायद्याच्या नजरेत नोकराच्या हातातली वस्तू मालकाच्याच कब्जात असते. म्हणून ती चोरी, आणि तीही नोकराने केलेली, कलम 306, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण महिन्याच्या भाड्याने गाडी नेली आणि परस्पर गहाण टाकली, तर गाडी विश्वासाने सोपवलेली होती. तो न्यासभंग, कलम 316. "बघून येतो" म्हणत विकाऊ गाडीची चावी घेतली आणि परत आलाच नाही, त्यात पहिल्यापासून फसवायचं ठरलेलं होतं असं दिसलं तर ठकवणूक, 318(4). तिन्ही फिर्यादी ठाण्यात येऊन एकच वाक्य बोलतील: "साहेब, माझी गाडी चोरीला गेली." फरक त्यांना माहीत नसतो आणि माहीत असावा अशी अपेक्षाही नाही. चावी कोणी दिली, कशासाठी दिली, किती वेळासाठी दिली, आधी काय बोलणं झालं, हे चार प्रश्न तुम्ही विचारायचे. विमा कंपनी तेच प्रश्न सहा महिन्यांनी विचारणार आहे. चोरीचा विमा असलेल्या माणसाच्या खबरीत घाईने न्यासभंग लिहिला गेला, किंवा उलट झालं, की त्याचा दावा वर्षानुवर्षं लोंबकळतो.

कर्जाच्या हप्त्यांसाठी गाडी उचलून नेणाऱ्यांच्या तक्रारी तर तुमच्यापुढे हमखास येतील. करारात तसा हक्क असेल आणि वित्तपुरवठादाराने त्याप्रमाणे गाडी ताब्यात घेतली, तर ती चोरी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पण वसुलीसाठी गुंड पाठवायची मुभा त्याने मिळत नाही, हेही त्याच न्यायालयाने सुनावलेलं आहे. म्हणजे "हप्ते थकलेत ना, मग आमचा संबंध नाही" असं म्हणून फिर्यादीला बाहेर काढणं जितकं चूक, तितकंच ऐकल्या ऐकल्या 303 लावणं चूक. मारहाण झाली का, धमकी दिली का, गाडी चालू रस्त्यात अडवली का, ते लिहा. गुन्हा असेल तर तिथे सापडेल.

आता "फिरवायला नेली" हा प्रकार. शेजारच्या पोराने मोटारसायकल काढली, रात्रभर उंडारला, पहाटे दोन गल्ल्या पलीकडे टाकून दिली. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 197 मध्ये यासाठी वेगळा गुन्हा आहे: मालकाची संमती किंवा कायदेशीर अधिकार नसताना गाडी घेऊन चालवत नेणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाने विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, असं मानायला वाजवी कारण होतं हे न्यायालयाला पटलं तर दोषसिद्धी नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग बळाने किंवा धाक दाखवून गाडीचा ताबा घेण्याबद्दल आहे, तोही लक्षात असू द्या.

यावरून एक गैरसमज पसरलेला आहे, आणि तो वकिलांतही आहे: गाडी कायमची न्यायची असेल तर चोरी, थोड्या वेळासाठी असेल तर 197. तसं नाही. मे 1952 मध्ये जोधपूरला हवाई दलाच्या अकादमीतल्या दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगीशिवाय हार्वर्ड विमान उडवलं आणि पाकिस्तानात नेऊन उतरवलं. विमान चोरायचं नव्हतं, हा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1957 साली न्यायालयाने तो फेटाळला. मालकाला तात्पुरतं वंचित करणं, स्वतःला तात्पुरता गैरवाजवी लाभ करून घेणं हेही चोरीला पुरेसं आहे. (तेही तुमच्यासारखे प्रशिक्षणार्थीच होते, हा केवळ योगायोग.) तेव्हा 197 आणि 303 यांच्यामधली रेघ वेळेवर ठरत नाही, अप्रामाणिकपणावर ठरते. मन कोणाला दिसत नाही, खुणा दिसतात. कुलूप तोडलं की चावी खिळ्यावर टांगलेली होती? नंबर प्लेट बदलली का? पेट्रोल संपलं म्हणून टाकली की लपवून ठेवली? आधी कधी मागून नेली होती का? हे पंचनाम्यात आणि जबाबात असेल तर कलम आपोआप ठरतं. नसेल तर न्यायालयात आम्ही दोन्ही बाजूंनी अंदाज बांधत बसतो.

चोरीचा एक प्रकार कायद्याने वेगळा काढलेला आहे: कलम 305. माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरलं जाणारं वाहन चोरलं, किंवा अशा वाहनातून माल चोरला, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. साध्या चोरीला पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत. खासगी दुचाकीला ठाण्यांत सहसा 303(2) लावतात आणि ते मला बरोबर वाटतं. पण रिक्षा, टेम्पो, ट्रक गेला तर? तेव्हा गाडीचा वापर काय होता ते खबरीत यायला हवं: पिवळी पाटी, परमिट, गाडीत त्या वेळी काय भरलेलं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेला भेट देण्याची तरतूद आहे. म्हणजे एका ओळीच्या तपशिलावर तपासाचा सगळा रस्ता बदलतो.

किंमतही अशीच. "अंदाजे किंमत" हा रकाना भरताना फार विचार होत नाही. पण वस्तू 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर 303 मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे. जुन्या सायकलीच्या चोरीत हा फरक मोठा आहे. वाहनांची तोडफोड म्हणजे कायद्याच्या भाषेत आगळीक, कलम 324. तिथेही नुकसान 20,000 च्या खाली, 20,000 ते लाखाच्या आत आणि लाख किंवा त्यावर अशा पायऱ्यांनी शिक्षा सहा महिन्यांवरून दोन आणि पाच वर्षांपर्यंत चढते. गाडी पेटवली तर 326. रस्त्यावर उभ्या वीस गाड्यांच्या काचा फोडल्या गेल्यावर एका ओळीत "वाहनांचे नुकसान केले" लिहून भागत नाही.

हिसकावणी हा नवा गुन्हा आहे, कलम 304. दुचाकीवरून येऊन गळ्यातलं ओढून नेणं पूर्वी बहुतेक ठिकाणी जबरी चोरीत नोंदवलं जायचं. आता अचानक, झटकन किंवा जोराने हिसकावून केलेली चोरी म्हणजे 304, तीन वर्षांपर्यंत. पण चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन जाण्यासाठी मुद्दाम इजा केली, किंवा तत्काळ इजेची भीती घातली, की ती 309 ची जबरी चोरी होते, दहा वर्षांपर्यंत. हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय यांदरम्यान घडली तर चौदा. बाई फरफटत गेल्या का, मानेला ओरखडा आहे का, चाकू दाखवला का, किती वाजले होते, रस्ता कोणता होता. "रात्रीच्या सुमारास" हे दोन शब्द कितीदा वाचले त्याचा हिशेब नाही.

चोरीच्या गाडीचा माग काढताना चॅसी क्रमांक लिहून घ्याल. तो सतरा अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळात वापरतच नाहीत. तुम्हाला ओ दिसला तर तो शून्य आहे, आय दिसला तर एक आहे. पंचनाम्यात एक अक्षर चुकलं की जप्त गाडी आणि चोरीची गाडी एकच हे सिद्ध करताना सरकारी वकिलाला घाम फुटतो. भंगारवाल्यावर चोरीचा माल घेतल्याचं 317 लावायचं असेल, तर माल चोरीचा असल्याचं मानायला त्याच्याकडे कारण होतं हे दाखवावं लागतं. खोडलेला क्रमांक, कागदपत्रांशिवाय व्यवहार, पडेल भाव. यातलं काय जागेवर दिसलं, ते तिथेच लिहा.

आता अपघात. कलम 281 मध्ये "मोटार" हा शब्दच नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे हाकणारा किंवा स्वारी करणारा त्यात येतो, म्हणजे बैलगाडीवाला आणि घोडेस्वारसुद्धा. उलट मोटार वाहन अधिनियमाला स्वतःची व्याख्या आहे, कलम 2(28). रुळांवरची गाडी त्यात नाही, फक्त कारखान्याच्या आवारासाठी बनवलेलं खास वाहन नाही, चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन नाही. ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली मात्र आहे. आणि 281 ला सार्वजनिक रस्ता लागतो, 106 ला लागत नाही. कुंपणाच्या आतल्या वाहनतळात मागे घेताना गाडीखाली कोणी दगावलं तर 281 टिकेल की नाही यावर मी वाद घालीन, 106(1) वर त्या मुद्द्याने घालू शकणार नाही.

106(1) म्हणजे हयगयीने मृत्यू, आता पाच वर्षांपर्यंत. 106(2) म्हणजे असा मृत्यू घडवून, पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणं, दहा वर्षांपर्यंत. ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर केंद्राने संहिता लागू करताना हे उपकलम वगळलं. पुस्तकात छापलेलं आहे म्हणून ते 1 जुलै 2024 पासून लागू झालं असं समजू नका. त्याबद्दल पुढची अधिसूचना आली आहे का, हे पाहिल्याशिवाय ते खबरीत लिहायचं नाही.

"हिट अँड रन" हा शब्द बातम्यांत पळून जाणाऱ्या कोणत्याही चालकासाठी वापरतात. मोटार वाहन अधिनियमाच्या 161 मध्ये त्याचा अर्थ अगदी अरुंद आहे: वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटली नाही, त्याने केलेला अपघात. तिथे भरपाई ठरलेली आहे, मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला 50,000. ओळख पटली तर कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कमावत्या माणसाच्या उत्पन्नावरून हिशेब मागू शकतं. साक्षीदाराने नंबरचे शेवटचे दोन आकडे आणि गाडीचा रंग सांगितला होता आणि खबरीत फक्त "अज्ञात वाहन" आलं, अशी प्रकरणं मी पाहिलेली आहेत. त्या विधवेला काय सांगायचं, याला कायद्यात कलम नाही.

दारूच्या बाबतीत साचेबंद वाक्य सगळ्यांना येतं: तोंडाला उग्र वास, डोळे लाल, चालताना झोकांड्या. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 ला ते पुरत नाही. श्वास तपासणी किंवा प्रयोगशाळेसह अन्य चाचणीत 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल दिसावं लागतं. 184 (धोकादायक रीतीने चालवणं), 185 आणि 197 हे गुन्हे तुमच्यासमोर घडले तर गणवेशात असताना वॉरंटशिवाय अटक करता येते, पण 185 मध्ये अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणूस सोडावा लागतो. म्हणून अटकेची आणि नमुना घेतल्याची वेळ घड्याळात पाहून लिहा. या वेळा नंतर फार मोठ्या होतात. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. तो खटला हयगयीच्या मृत्यूवर थांबला नाही. चालकाला परिणामाची जाणीव होती, म्हणून सदोष मनुष्यवध, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केलं. आजच्या भाषेत 106 आणि 105 यांच्यातला हा फरक त्या एका "जाणीव" या शब्दावर उभा आहे, आणि जाणीव शाबीत होते ती रक्ताच्या अहवालातून, वेगातून, "चालवू नको" असं सांगणाऱ्या मित्राच्या जबाबातून.

गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन अधिनियमाचं 199-अ विसरू नका. पालक किंवा मालक दोषी मानला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. तेव्हा चावी कुठे असायची आणि पोराने ती कशी घेतली, हा प्रश्न इथेही पहिला.

एक शेवटची गोष्ट, तीही फिर्याद घेण्याआधीची. "दोन दिवस आजूबाजूला शोधा, नाही मिळाली तर या." हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही, तरी ठाण्याठाण्यांत ऐकू येतं. चोरी दखलपात्र आहे, खबर त्याच दिवशी घ्यायची असते. हद्द दुसरी असली तरी घ्यायची असते. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला पण पोलिसांत खबर लगेच दिलेली होती, तर केवळ त्या उशिरावर दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलेलं आहे. तुम्ही परत पाठवलेल्या माणसाकडे तो आधारही उरत नाही.

प्रशिक्षण केंद्रांच्या प्राचार्यांना, हे पत्र त्यांच्यापर्यंत गेलं तर, एक विनंती. परीक्षेत "कलम 305 काय सांगते?" हा प्रश्न असू द्या, पण त्याच्या शेजारी असे दोन-तीन प्रसंगही द्या आणि मुलांना खबर लिहायला लावा. नमुन्याला एक देतो. रिक्षाचालकाने 30 जून 2024 रोजी रात्री अकराला घरासमोर रिक्षा लावली. 1 जुलैला सकाळी सहाला ती नव्हती. आदल्या आठवड्यात त्याने ती तीन दिवस चुलतभावाला चालवायला दिली होती आणि दुसरी चावी त्याच्याकडेच राहिली होती. दोन हप्ते थकलेले आहेत. फिर्यादी समोर बसला आहे. कोणते प्रश्न विचाराल, आणि कोणत्या उत्तराला कोणतं कलम?

आपला,
एक फौजदारी वकील